कटाच्या खटल्यात शिक्षा कशी ठरते : सहा वर्षांच्या तारखांची नोंद

२३ जानेवारी २०२५ रोजी माझ्या धाकट्या भावाला दहा वर्षे सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड अशी शिक्षा झाली. त्याच्या अंगावर, घरात किंवा दुकानात एक ग्रॅमही गांजा सापडला नव्हता. गांजा असलेला टेम्पो पकडला गेला तेव्हा तो तिथून दोनशे किलोमीटरवर आपल्या घरी होता. तरीही टेम्पोत बसलेल्या माणसाइतकीच शिक्षा त्याला का झाली, हे समजून घ्यायला मला जवळजवळ सहा वर्षे लागली. मी पतसंस्थेत हिशेबनीस असल्यामुळे तारखा आणि खर्च वहीत लिहून ठेवण्याची सवय होती, आणि हे लिहिताना तीच वही समोर आहे. ज्यांच्या घरी असा फोन नुकताच आला असेल, त्यांना निदान पुढे काय वाढून ठेवले आहे याचा अंदाज यावा, एवढ्यासाठी हे लिहिते आहे. भाऊ निर्दोष होता असे सांगण्याचा यात हेतू नाही.

१४ मार्च २०१९ रोजी, गुरुवारी पहाटे, हैदराबादकडून सोलापूरमार्गे येणारा एक टेम्पो पोलिसांनी अडवला. वर मिरचीची पोती होती आणि त्यांच्याखाली गांजाची चार पोती. वजन अनुक्रमे १५.२, १६.१, १४.९ आणि १५.८ किलो, म्हणजे एकूण ६२ किलो. टेम्पोत माल ज्याचा होता तो माणूस, चालक आणि त्या पहिल्या माणसाचा सोळा वर्षांचा पुतण्या असे तिघे होते. पुतण्याचे प्रकरण बाल न्याय मंडळाकडे गेले. आमच्या घरी पोलीस आले ते १६ तारखेला, शनिवारी संध्याकाळी. भाऊ गाड्या भाड्याने लावून देण्याचे काम करायचा आणि हा टेम्पो त्यानेच ठरवून दिला होता. दुसऱ्या दिवशी, रविवारी, सुट्टीच्या न्यायालयासमोर त्याला उभे केले, आणि २५ मार्चपर्यंत पोलीस कोठडी व त्यानंतर न्यायालयीन कोठडी असा क्रम झाला. तो आरोपी क्रमांक तीन. माल घेणार होता असे ज्याच्याबद्दल म्हटले गेले, तो चौथा आरोपी पुढच्या आठवड्यात पकडला गेला.

पहिल्या वकिलांनी अडीच लाख रुपये ठरवले आणि ‘याच्याकडे काही सापडलेलेच नाही, तीन महिन्यांत जामीन होईल’ असे सांगितले. आम्हीही तेच ऐकायला आतुर होतो, त्यामुळे एफआयआरमधील कलमे नीट वाचायची बुद्धी कोणालाच झाली नाही. कलमे होती ८(क), २०(ब)(दोन)(क) आणि २९. कायद्याचे पूर्ण नाव ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५’ असे आहे. सगळे त्याला एनडीपीएस म्हणतात. यातले कलम २९ कटाबद्दलचे आहे आणि आमच्या सगळ्या प्रकरणाचा जीव त्यात होता. एखाद्या गुन्ह्याच्या कटात जो सामील असतो किंवा त्याला मदत करतो, त्याला मूळ गुन्ह्यासाठी ठेवलेलीच शिक्षा होते, मग तो गुन्हा प्रत्यक्ष घडो वा न घडो, असे हे कलम सांगते. कटात असलेल्याला थोडी कमी शिक्षा, अशी मधली पायरी त्यात नाही. हे त्या पहिल्या आठवड्यात कोणी सांगितले असते तर आमचे पैसे वाचले नसते कदाचित, पण खोट्या आशेवर काढलेली दोन वर्षे वाचली असती.

मूळ गुन्ह्याची शिक्षा वजनावर ठरते. २००१ च्या दुरुस्तीने कायद्यात तीन टप्पे आले आणि १९ ऑक्टोबर २००१ च्या अधिसूचनेत प्रत्येक पदार्थाचे अल्प प्रमाण आणि व्यापारी प्रमाण ठरवून दिले गेले. गांजाचे अल्प प्रमाण एक किलो आणि व्यापारी प्रमाण वीस किलो आहे. चरसाचे व्यापारी प्रमाण एक किलो, हेरॉईनचे २५० ग्रॅम, कोकेनचे १०० ग्रॅम आणि हल्ली ज्याला एमडी म्हणतात त्या मेफेड्रोनचे ५० ग्रॅम. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत शिक्षा, मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत, आणि व्यापारी प्रमाणाला कमीत कमी दहा व जास्तीत जास्त वीस वर्षे, शिवाय एक ते दोन लाख दंड. ‘दहा वर्षांपर्यंत’ आणि ‘कमीत कमी दहा वर्षे’ यांतला फरक वाचताना एका शब्दाचा वाटतो, पण मधल्या टप्प्यात न्यायाधीश दोन वर्षेही देऊ शकतात आणि व्यापारी टप्प्यात त्यांना दहाच्या खाली येताच येत नाही. आपल्या माणसाचे प्रकरण कोणत्या टप्प्यात मोडते हे पहिल्याच दिवशी पाहावे. बाकीचे सगळे त्यानंतर.

दोषारोपपत्र ४ सप्टेंबर २०१९ ला दाखल झाले. व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात तपासासाठी नव्वदऐवजी १८० दिवस मिळतात, आणि त्या मुदतीत ते दाखल झाले नाही तर जामिनाचा हक्क उभा राहतो. म्हणून घरातल्या एकाने हे दिवस मोजत राहावे. आमच्या बाबतीत जेमतेम आठवडा उरला असताना ते आले. त्याआधी जुलैमध्ये सत्र न्यायालयाने जामीन नाकारला होता आणि २०२० च्या आरंभी उच्च न्यायालयातूनही अर्ज परत घ्यावा लागला. कलम ३७ प्रमाणे आरोपी दोषी नाही असे मानायला सबळ कारण आहे आणि तो बाहेर येऊन पुन्हा असा गुन्हा करणार नाही, अशा दोन्ही गोष्टींची खात्री न्यायालयाला पटावी लागते. उच्च न्यायालयाचा खर्च दीड लाख झाला. आईच्या पाटल्या त्यात गेल्या.

मग करोना आला. मुलाकाती बंद झाल्या आणि आठवड्यातून एखादा फोन येई. तुरुंगांतली गर्दी कमी करण्यासाठी कच्च्या कैद्यांना तात्पुरते सोडत असल्याच्या बातम्या रोज येत होत्या, पण व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यातले आरोपी त्या सवलतीत बसत नव्हते. त्या वर्षात खटला एक पाऊलही पुढे गेला नाही. याच काळात पहिले वकील तारखांना येईनासे झाले. शेवटी मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज केला. कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते; आपण पतसंस्थेत नोकरी करतो म्हणजे आपल्याला ते लागू नाही, असा माझा समज होता. तिथून मिळालेल्या वकील मॅडमनी पहिल्या भेटीत चार तास बसून दोषारोपपत्राचे चारशेवर कागद माझ्यासमोर उलगडले. फुकटचा वकील म्हणून नातेवाइकांनी नाके मुरडली, पण सहा वर्षांत मला खरे बोलणारे पहिले माणूस त्याच भेटल्या.

त्यांनीच ई-कोर्ट्सचे ॲप घ्यायला लावले. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो आणि तो टाकला की पुढची तारीख घरबसल्या कळते. रोजनाम्याची नक्कल मात्र प्रत्येक महत्त्वाच्या तारखेनंतर मागून घ्यावी, कारण साक्षीदार आला नाही, आरोपीला तुरुंगातून आणले नाही, पोलीस पार्टी मिळाली नाही, अशा नोंदी पुढे जामिनाच्या वेळी उपयोगी पडतात. आमच्या अशा एकवीस तारखा निघाल्या.

आरोप निश्चित झाले फेब्रुवारी २०२१ मध्ये आणि पहिला साक्षीदार उभा राहिला नोव्हेंबरमध्ये. एकूण अकरा साक्षीदार झाले. दोन पंचांपैकी एक फितूर झाला तेव्हा आम्हाला वाटले की सुटलो; तसे होत नाही, जप्ती इतर पुराव्यानेही सिद्ध होते. आमची खरी आशा पोत्यांच्या वजनात होती. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळाचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसत्या बिया आणि पाने कायद्याच्या व्याख्येत येत नाहीत. नमुने प्रत्येक पोत्यातून घेतले नसते, किंवा चारांपैकी एकाच पोत्याचा नमुना शाबीत झाला असता, तर वजन पंधरा-सोळा किलोवर आले असते आणि सगळे प्रकरण मधल्या टप्प्यात उतरले असते. तोपर्यंत भावाने आत काढलेली वर्षे पाहता तो त्याच दिवशी घरी येऊ शकला असता. पण इथे दंडाधिकाऱ्यांसमोर कलम ५२-अ प्रमाणे चारही पोत्यांचे वेगळे नमुने काढलेले होते. तिसऱ्या पोत्याच्या सीलबद्दल प्रयोगशाळेच्या अहवालात आणि पंचनाम्यात तफावत निघाली, आणि ते पोते न्यायाधीशांनी खरोखरच हिशेबातून वगळले. ६२ मधून १४.९ गेले, उरले ४७.१. वीसच्या खाली यायला अजून दोन पोती कमी व्हायला हवी होती. निकालपत्रातले ते पान मी इतक्या वेळा वाचले आहे की त्याची घडी फाटली.

हे ४७.१ किलो भावाच्या नावावर कसे आले, तेही सांगायला हवे. कटात कोणी किती उचलले याची वाटणी होत नाही. एकदा कट शाबीत झाला की सगळा माल सगळ्यांचा. त्यामुळे ‘त्याने फक्त फोन केले’ हा आमचा सहा वर्षांचा धोशा शिक्षेच्या बाबतीत निरुपयोगी होता. प्रश्न एकच होता, तो कटात होता की नव्हता. पुराव्यात नऊ दिवसांतले एकेचाळीस फोन होते. त्याच्या खात्यावर पहिल्या आरोपीकडून, म्हणजे माल ज्याचा होता त्याच्याकडून, आलेले पंधरा हजार रुपये होते. टोलनाका चुकवून कोणत्या रस्त्याने यायचे याबद्दल त्याने चालकाला पाठवलेला संदेश होता. आणि शेवटी भाड्याचा प्रश्न होता. मिरचीच्या अशा फेरीला बावीस हजार भाडे होते, असे एका वाहतूकदाराने साक्षीत सांगितले, आणि याने साठ हजार ठरवले होते. कलम ३५ प्रमाणे आरोपीच्या मनात ती जाणीव होती असे न्यायालय गृहीत धरते आणि नव्हती हे आरोपीला दाखवावे लागते. भाऊ म्हणत राहिला की त्याला वाटले मिरचीच आहे. साक्षीच्या त्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले होते. साठ हजारांचा आकडा ऐकून मी त्याच्याकडे पाहिले, आणि त्याने मान वळवली. त्यानंतर मी घरी कोणाशीच या विषयावर वाद घातला नाही.

चौथा आरोपी मात्र सुटला. त्याचे नाव पहिल्या आरोपीने पोलिसांसमोर दिलेल्या जबाबात होते, पण पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही आणि त्याच्याविरुद्ध ना फोन होते ना पैसे. ज्यांचे प्रकरण पोलिसांऐवजी अमली पदार्थविरोधी केंद्रीय यंत्रणेकडे असेल, त्यांच्यासाठी सांगते की त्या अधिकाऱ्यांपुढे कलम ६७ खाली दिलेला कबुलीजबाबही सर्वोच्च न्यायालयाच्या २९ ऑक्टोबर २०२० च्या तोफान सिंग निकालापासून पुराव्यात ग्राह्य धरला जात नाही. तो सुटला म्हणून आमच्या घरात फार चडफड झाली. आज मला वाटते की दोघांच्या पुराव्यात फरक होता आणि तो फरक खरा होता.

मध्ये एक सुखाचा काळ येऊन गेला. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटल्याच्या दीर्घ विलंबावरून अशाच एका आरोपीला जामीन दिला होता. त्याचा आणि आमच्या त्या एकवीस तारखांचा आधार घेऊन उच्च न्यायालयाने २० जुलै २०२३ रोजी भावाला जामिनावर सोडले. तहसीलदार कचेरीतून जामीनदाराचा ऐपतदाखला मिळायला आठ दिवस लागतात, म्हणून हा कागद आधीच काढून ठेवावा, असे मॅडमनी सांगितले होते आणि आम्ही तो काढून ठेवला होता, त्यामुळे तो त्याच संध्याकाळी घरी आला. दीड वर्ष तो मुलाला शाळेत सोडत होता. या दीड वर्षाचा एकही दिवस शिक्षेत धरला जात नाही, हे आम्हाला माहीत होते, पण कोणी बोलून दाखवत नसे.

२१ जानेवारी २०२५, मंगळवार. दुपारी अडीचला न्यायाधीशांनी पहिल्या तिघांना दोषी ठरवले आणि जामिनावर असलेल्या भावाला तिथल्या तिथे ताब्यात घेतले. त्याने आपले घड्याळ आणि पाकीट माझ्या हातात दिले. शिक्षेबद्दलचे म्हणणे ऐकण्यासाठी २३ तारीख नेमली गेली. दोषी ठरवल्यानंतर शिक्षेवर वेगळी सुनावणी घ्यावीच लागते आणि न्यायाधीश आरोपीला स्वतः विचारतात. या दोन दिवसांत मी धावपळ करून आईच्या डायलिसिसचे कागद, मुलाचा बोनाफाईड दाखला, तुरुंगातील चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणि पूर्वीचा एकही गुन्हा नाही याबद्दलचे कागद जमवले. मॅडमनी ते सगळे लावून घेतले आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “ताई, एक लक्षात ठेवा. हे कागद दहाच्या खाली नेणार नाहीत. दहाच्या वर जाऊ नये म्हणून आपण ते देतोय.” शिक्षेच्या सुनावणीबद्दल मला कोणी एकच वाक्य सांगायला सांगितले तर मी हेच सांगेन.

सरकारी वकिलांनी पंधरा वर्षे मागितली. व्यापारी प्रमाणाच्या दुपटीहून जास्त माल आहे, आणि हेरॉईनच्या एका प्रकरणात माल मर्यादेच्या चौपट होता म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पंधरा वर्षांची शिक्षा कायम ठेवली होती, गरिबी आणि घरचा एकटा कमावता ही कारणे त्यासमोर टिकली नव्हती, असा त्यांचा युक्तिवाद होता. किमान शिक्षेपेक्षा जास्त द्यायची तर न्यायालय कोणत्या गोष्टी पाहू शकते, हे कलम ३२-ब मध्ये दिले आहे. शस्त्राचा किंवा हिंसेचा वापर, सरकारी पदाचा गैरफायदा, अल्पवयीन मुलांचा वापर, शाळा-कॉलेजच्या आवारात वा जवळ केलेला गुन्हा, संघटित टोळीशी संबंध आणि या गुन्ह्यामुळे सोपी झालेली इतर बेकायदा कृत्ये. ही यादी तेवढ्यावर संपत नाही. मालाचे वजनही पाहता येते असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले आहे. मॅडमनी यादीतला एकेक मुद्दा वाचून दाखवला आणि प्रत्येकापुढे ‘आरोपी क्रमांक तीनला लागू नाही’ असे म्हणत गेल्या. भावाला विचारले तेव्हा तो एवढेच म्हणाला, “आई आहे, साहेब.”

संध्याकाळी पाचला शिक्षा सांगितली गेली. पहिल्या आरोपीला तेरा वर्षे, कारण संशय येऊ नये म्हणून त्याने सोळा वर्षांच्या पुतण्याला गाडीत बसवले होते. चालकाला दहा आणि भावाला दहा. दंड प्रत्येकी एक लाख, न भरल्यास आणखी सहा महिने. दंडाबद्दल एक बारकावा सांगून ठेवते. एकापेक्षा जास्त कलमांखाली शिक्षा झाली तर तुरुंगवास बहुधा एकत्र चालतो, पण दंड वेगवेगळे भरावे लागतात आणि दंड न भरल्याची कैद एकामागून एकच भोगावी लागते. आमच्याकडे एकच दंड होता. तो पतसंस्थेतून कर्ज काढून आठवड्यात भरला आणि पावतीच्या तीन प्रती काढल्या.

या कायद्याखालच्या शिक्षेला चांगल्या वर्तणुकीची सूट मिळत नाही. कलम ३२-अ ती अडवते. दहा म्हणजे दहा. अपील चालू असताना शिक्षा स्थगित करण्याचा न्यायालयाचा अधिकार मात्र सर्वोच्च न्यायालयाने २००० साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात मोकळा केला आहे. उच्च न्यायालयात अपिलाला साठ दिवस असतात आणि निकालपत्राची प्रत आरोपीला मोफत मिळते. आमचे अपील मार्चमध्ये दाखल झाले, ते विचारार्थ स्वीकारले गेले आहे, आणि स्थगितीच्या अर्जावर अजून सुनावणी व्हायची आहे.

आधी भोगलेली कोठडी शिक्षेतून वजा होते, आणि तिथे माझी हिशेबाची सवय एकदाच कामी आली. शिक्षेच्या वॉरंटवर कोठडीची सुरुवात २५ मार्च २०१९ अशी लिहिली गेली होती, म्हणजे न्यायालयीन कोठडीचा पहिला दिवस. पोलीस कोठडीतले दिवस धरलेच नव्हते. ते दिवसही धरावे लागतात. मी वहीतून अटकेचा पंचनामा आणि रविवारच्या रिमांडची नक्कल काढून मॅडमना दिली, त्यांनी दुरुस्तीचा अर्ज केला, आणि तीन आठवड्यांनी नवे वॉरंट निघाले. त्यावर १६ मार्च २०१९ ते २० जुलै २०२३, एकूण १५८८ दिवस, असे लिहिले आहे. त्या हिशेबाने त्याची सुटका १५ सप्टेंबर २०३० च्या आसपास येते. मुलगा तेव्हा दहावीत असेल. पुढच्या मुलाकातीत मी जाळीपलीकडून भावाला तो कागद दाखवला, तर त्याने आधी नऊ दिवस परत मिळाले का हेच विचारले.